रडार सुदूर संवेदन व वनमापन (नेहरू नगर, भोपाळ)

उपग्रहावरून जमिनीकडे सूक्ष्मतरंग सोडायचे आणि परत आलेल्या तरंगांवरून भूपृष्ठाचे चित्र तयार करायचे, ही रडार सुदूर संवेदनाची पद्धत. भोपाळच्या नेहरू नगरात या विषयाशी निगडित दोन संस्था आहेत : विज्ञान भवनातील मध्य प्रदेश विज्ञान व तंत्रज्ञान परिषद आणि १९८२ मध्ये स्थापन झालेली भारतीय वन व्यवस्थापन संस्था. वन संस्थेचा टेकडीवरील परिसर अनंत राजे या मराठी वास्तुविशारदाने रचला. जंगलाशी देणेघेणे नसलेल्यानेही तो एकदा पाहावा.

देशात सर्वाधिक वनाच्छादन मध्य प्रदेशात आहे. ते मोजताना साध्या उपग्रह-कॅमेऱ्यांची पंचाईत होते. पावसाळ्यात ढग आडवे येतात आणि उन्हाळ्यात सागाची पाने गळून भरले रान वरून उजाड माळासारखे दिसते. म्हणून भारतीय वन सर्वेक्षण मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमधील चित्रे वापरते.

रडारला ढग आणि अंधार यांची अडचण नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘निसार’ हा इस्रो व नासा यांचा संयुक्त उपग्रह याच कामाचा. त्याचे वजन २,३९२ किग्रॅ. असून १२ मी. व्यासाचा जाळीदार परावर्तक कक्षेत गेल्यावर उलगडण्यात आला. त्यावर दोन रडार आहेत. इस्रोच्या एस-पट्ट्यातील सुमारे ९ सेंमी. लांबीचे तरंग बव्हंशी पाने-डहाळ्यांवरूनच परततात. नासाच्या एल-पट्ट्यातील सुमारे २४ सेंमी.चे तरंग पानांतून आत शिरून फांद्या व खोडांपर्यंत पोचतात. त्यामुळे झाडोऱ्याच्या पसाऱ्यासोबत लाकडाच्या वजनाचाही अंदाज बांधता येतो. दर १२ दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपली जाते, म्हणजे तोड किंवा वणवा फार काळ लपत नाही.

मर्यादाही आहेत. दाट जंगलात लाकूड वाढत गेले तरी एका टप्प्यानंतर एल-पट्ट्याचा संकेत वाढत नाही. चित्राचा ताळा अखेर जमिनीवरच घ्यावा लागतो : छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मी.वर, टेप गुंडाळून खोडाचा घेर मोजायचा आणि झाडाची जात लिहायची. शिवाय एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर किमान १० टक्के वृक्षछत्र असले की सरकारी हिशेबात ते वनाच्छादन ठरते, मग ती आमराई का असेना. उपग्रह कितीही तीक्ष्ण झाला तरी हा घोळ त्याच्याने मिटणारा नाही. तो व्याख्येतच आहे.