गुरुवारचा आकडा: उद्योगनगरीतला प्रेक्षक आणि अकाली गुंडाळलेल्या मालिका

दूरचित्रवाणीवरची मालिका संपते तेव्हा मराठीत तिच्याबद्दल दोन निरनिराळ्या तऱ्हांनी बोलले जाते. वाहिनीच्या जाहिरातीत ती ‘प्रेक्षकांचा निरोप घेते’ आणि प्रेक्षकांच्या बोलण्यात ती ‘गुंडाळली जाते’. निरोप घेणाऱ्याला जाण्याची वेळ निदान स्वतः ठरवता येते. गुंडाळणारा मात्र दुसऱ्या वाक्यात कुठेच दिसत नाही. मराठी मालिकांच्या सुमारे पन्नास वर्षांच्या इतिहासात हा न दिसणारा कर्ता बदलत गेला आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकाची तक्रार पोहोचण्याचे ठिकाणही बदलले. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातून या इतिहासाकडे पाहिले, तर त्याची एक बाजू अधिक ठळक होते, कारण कोणत्या वेळी घरात कोण असते या ज्या हिशेबावर मालिकेचे आयुष्य ठरते, तो हिशेब या पट्ट्यात पाळ्यांमुळे दर आठवड्याला फिरतो.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी-चिंचवडच्या माळावर भूखंड पडले, आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को उभी राहिली, १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. दूरचित्रवाणी याच वाढत्या वस्तीत आली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि वर्षभरात, १९७३ मध्ये, सिंहगडावरचे सहक्षेपण केंद्र, म्हणजे मुंबईचे कार्यक्रम झेलून पुढे पाठवणारे केंद्र, सुरू झाल्याने पुणे परिसरात चित्र दिसू लागले. त्यानंतरची दोन दशके या भागातल्या बैठ्या चाळींच्या पत्र्यांवरच्या आणि कामगार वसाहतींच्या गच्च्यांवरच्या अँटेना दक्षिणेला, सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असत. वाऱ्याने दांडी फिरली की एकाने वर चढायचे आणि दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे, हा त्या काळचा घरगुती उद्योग होता. दूरदर्शनने शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’ आणि कामगारांसाठी ‘कामगार विश्व’ असे कार्यक्रम केले, तरी वसाहतींमध्ये अधिक बोलले जाई ते ‘चिमणराव’बद्दल, म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे या जोडीबद्दल.

येथे एका स्थानिक गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक क्षेत्रांना वेगवेगळ्या वारी साप्ताहिक सुट्टी देण्याची पद्धत राज्यात रूढ झाली आणि तिच्यानुसार भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आली. गुरुवारी रात्रीचे चित्रपटगीतांचे ‘छायागीत’ त्यामुळे या वस्तीला सोयीचे होते. उलट २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी साडेनऊला लागणारे ‘रामायण’ आणि त्यामागून आलेले ‘महाभारत’ यांच्यासाठी सारा देश रस्ते ओस पाडून घरी बसत असताना येथील सकाळच्या पाळीतला कामगार यंत्रापाशी उभा असे. त्याच्या वाट्याला कथा येई ती घरच्यांनी जेवताना सांगितलेली. देशाचे वेळापत्रक आणि या गावाचे वेळापत्रक यांच्यातली ही फट तेव्हा कुणाच्या हिशेबात नव्हती, कारण तेव्हा मोजणीच वेगळी होती.

दूरदर्शनच्या काळात मालिकेचे आयुष्य मंजुरीवर अवलंबून असे. प्रायोजित मालिका, म्हणजे जिचा खर्च जाहिरातदार उचलतो आणि त्याबदल्यात ज्याला जाहिरातीची वेळ मिळते अशी मालिका, साधारणपणे तेरा भागांसाठी मंजूर होई. आठवड्याला एक याप्रमाणे तेरा भाग म्हणजे एक तिमाही. मुदतवाढ मिळाली तर पुढचे तेरा, नाहीतर कथा जिथे असेल तिथे थांबे. या पद्धतीत लहरीला आणि ओळखीपाळखीला वाव होता हे खरे, परंतु तिचा एक गुण असा की तेराव्या भागाशी कुणाला तरी थांबून विचार करावा लागे. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’चे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. कुटुंबनियोजनाचा संदेश देण्यासाठी आखलेली ही मालिका पहिल्या तेरा भागांत इतकी उपदेशी झाली की प्रेक्षक कंटाळले आणि तसे त्यांनी कळवलेही. तेव्हा ती बंद करण्याऐवजी लेखक मनोहर श्याम जोशी यांनी उपदेशाचे प्रमाण कमी करून कथा घरगुती संघर्षांकडे वळवली आणि मालिका दीडशेहून अधिक भाग चालली. आजच्या मोजमापात हीच मालिका दुसरा महिना पाहती ना. भागाच्या अखेरीस अशोक कुमार येऊन प्रेक्षकांच्या पत्रांचा उल्लेख करत, आणि अशी पत्रे लाखांच्या संख्येने आली. पत्रावर नाव असे, गाव असे, तक्रार असे. प्रेक्षक तेव्हा मोजला जाण्याआधी वाचला जाई.

पत्रापलीकडचा मार्गही एकदा वापरला गेला. ‘रामायण’ १९८८ मध्ये लव-कुशांच्या कथेशिवाय संपणार असे दिसताच जालंधरमध्ये सफाई कामगारांनी संप केला; हे कामगार वाल्मीकी समाजाचे होते आणि वाल्मीकींच्या आश्रमातला भाग वगळला जाणे त्यांना स्वतःलाच वगळल्यासारखे होते. सरकारला पुढचे भाग करून घ्यावे लागले. त्याच १९८८-८९ च्या सुमारास टेल्कोचा संघर्ष पेटून पिंपरी ढवळून निघत होती, पण तो वेतन आणि युनियनच्या मान्यतेच्या प्रश्नांवर. संपाची एवढी सवय असलेल्या या शहरात मालिकेसाठी हत्यार खाली ठेवण्याची कल्पना कुणाला सुचलेली दिसत नाही. १९८८ मध्येच एक उलटे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘होनी अनहोनी’ ही गूढ घटनांवरची मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून ती थांबवावी अशी मागणी लोकविज्ञान संघटनेने केली होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही आणि दूरदर्शनवर आपली कलाकृती दाखवण्याचा नागरिकाचा हक्क, योग्य अटींच्या अधीन राहून, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. दाखवणाऱ्याचा हक्क अशा रीतीने नोंदला गेला. सुरू झालेली कथा शेवटपर्यंत पाहायला मिळण्याचा हक्क मात्र कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही, आणि तो असावा असे म्हणणेही थोडे हास्यास्पदच ठरेल. तरी प्रेक्षक रागावतो तो याच न लिहिलेल्या कराराच्या भंगामुळे.

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह आणि २०१८ मध्ये सोनी मराठी. ‘आभाळमाया’ आणि पुढे ‘वादळवाट’ यांनी दररोजच्या मालिकेची सवय लावली आणि ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ चालून तीन हजारांवर भागांपर्यंत गेली. रोजच्या मालिकेत तेराव्या भागाचा टप्पा उरला नाही, कारण तेरा भाग आता दोन-अडीच आठवड्यांत संपू लागले. टप्प्याच्या जागी आला स्लॉट, म्हणजे संध्याकाळच्या वेळापत्रकातला अर्ध्या तासाचा खण, आणि तो खण कोणाला द्यायचा हे सांगणारा टीआरपी, म्हणजे कोणत्या कार्यक्रमाला किती प्रेक्षक होते याचा नमुन्यावरून काढलेला अंदाज. खण बदलला की जाणकार प्रेक्षक समजून चुकतो: रात्री आठची मालिका सहाला किंवा साडेदहाला गेली की तिचे दिवस भरत आले.

ही मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहण्याजोगे आहे. निवडलेल्या घरातल्या टीव्हीला एक लहान यंत्र जोडलेले असते आणि वाहिन्यांच्या ध्वनीत मिसळलेली, कानाला न कळणारी खूण ओळखून ते वाहिनी नोंदवते. सोबतच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकासाठी स्वतंत्र बटण असते. आजी समोर बसल्या की त्यांनी आपले बटण दाबायचे आणि कुकरची शिट्टी ऐकून उठल्या की पुन्हा दाबायचे, अशी अपेक्षा असते. २०१५ पासून हे काम करणाऱ्या ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे बार्क, या संस्थेची अशी घरे २०२० च्या सुमारास ४४ हजार होती आणि देशातली टीव्ही असलेली घरे तिच्याच अंदाजाने २१ कोटी. म्हणजे ढोबळ हिशेब केला तर एका घराने पावणेपाच हजार घरांच्या वतीने बटण दाबायचे. नमुना म्हणून हे संख्याशास्त्राला मान्य आहे. पण अशा नमुन्यात टोकाची आवड दिसत नाही, फक्त हजेरी दिसते: मालिकेसाठी जीव टाकणारा आणि भाजी निवडताना ती चालू ठेवणारा हे दोघे तिथे सारखेच.

बार्कचे साप्ताहिक आकडे जाहीर होतात ते गुरुवारी. उद्योगनगरीचा सुट्टीचा दिवस आणि मालिकांच्या निकालाचा दिवस एकच असावा हा निव्वळ योगायोग, तरी लक्षात राहणारा. दुपारी साडेतीनच्या आसपास सुरू होऊन मध्यरात्रीकडे सुटणाऱ्या दुसऱ्या पाळीतला माणूस संध्याकाळी सात ते साडेदहाचा सगळा काळ कारखान्यात असतो, रात्रपाळीचा माणूस त्या वेळी डबा भरून बसची वाट पाहत असतो, आणि पाळी फिरती असल्याने एकच माणूस एका आठवड्यात प्रेक्षक असतो आणि पुढच्या आठवड्यात नसतो. दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणावर तो कथा पकडतो, पण मालिकेची किंमत ठरते ती मुख्य वेळेच्या पहिल्या प्रक्षेपणावर. मुख्य वेळेला घरी कोण असते याचे उत्तर अशा घरांत बहुधा बायका, मुले आणि म्हातारी माणसे हेच येते, आणि वाहिन्यांनी कथाही त्यांच्याच कलाने लिहवून घेतल्या, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मालिका सासू-सुनेपलीकडे जात नाहीत ही सुशिक्षितांची नेहमीची तक्रार या साध्या हिशेबाकडे सहसा पाहत नाही.

हिशेबाबाहेरच्या प्रेक्षकाला हाक मारणारी मालिका कधी आलीच नाही असे नाही. झी मराठीवर ९ मार्च २०१५ रोजी सुरू झालेली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही एका घरात एकत्र राहणाऱ्या सहा तरुणांची गोष्ट होती आणि ती रात्री साडेदहाला लागे. चाकणमध्ये १९९९ नंतर बजाजचा, मग फोक्सवॅगन आणि महिंद्राचा कारखाना आल्यावर मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून आलेली जी मुले म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीत रूमवर किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीचे नव्हे तर एका खाटेचे भाडे भरून, राहू लागली, त्यांना हे जग अर्धे ओळखीचे होते. मालिकेतली खोली त्यांच्या खोलीपेक्षा बरीच ऐसपैस होती एवढेच. मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये, बहर असतानाच थांबली. प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर ती परत मागितली आणि २०१७ मध्ये त्याच कलाकारांची ‘दिल दोस्ती दोबारा’ आली, पण कथा आणि पात्रे वेगळी होती आणि सप्टेंबरपर्यंत तीही आटोपली. मागितले होते ते मिळाले नाही, त्यासारखे काहीतरी मिळाले. दरम्यान अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले ही मंडळी २०१६ मध्येच ‘अमर फोटो स्टुडिओ’ या नाटकातून रंगभूमीवर आली. तिकीट काढून येणाऱ्याची मोजणी नाट्यगृहाच्या खिडकीवर होते आणि तिथे बटणाची गरज पडत नाही.

अधिक कडवट वाद झाला तो सोनी मराठीवरच्या ‘सावित्रीजोती’बद्दल. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेली, ओंकार गोवर्धन आणि अश्विनी कासार यांच्या भूमिका असलेली, महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांच्या आयुष्यावरची ही मालिका टाळेबंदीत खंडित झाली, पुन्हा सुरू झाली आणि पुरेसा प्रेक्षक नसल्याने डिसेंबरअखेर बंद झाली. तिचे अभ्यासक-सल्लागार प्रा. हरी नरके यांनी जाहीर खंत व्यक्त केली आणि तिचा रोख वाहिनीपेक्षा समाजाकडे अधिक होता. येथे नेहमीचा पक्ष उलटला: अन्यथा प्रेक्षक वाहिनीला जाब विचारतो, या वेळी प्रेक्षकालाच जाब विचारला गेला. आधी स्टार प्रवाहवर त्याच ‘दशमी’ निर्मितिसंस्थेची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील मालिका १७ महिने चालली होती, हे पाहता समाजाला महापुरुषांच्या कथा नकोत असा निष्कर्ष घाईचा ठरतो. नव्या वाहिनीची पोहोच, तिचा खण आणि मधला तीन-साडेतीन महिन्यांचा खंड यांचाही त्यात वाटा असणार. फुल्यांचे पुतळे असलेल्या चौकांतून रोज ये-जा करणारा कामगार ती मालिका पाहत नव्हता, की पाहत होता पण मोजला जात नव्हता, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

अमेरिकेत २००७ मध्ये ‘जेरिको’ ही मालिका बंद झाल्यावर चाहत्यांनी तिच्यातल्या एका संवादाचा धागा पकडून वाहिनीच्या कार्यालयात सुमारे वीस टन शेंगदाणे पाठवले आणि सात भाग जादा मिळवले. ते भाग दाखवून झाल्यावर मालिका पुन्हा बंद झाली. मराठी प्रेक्षकाने असा खर्च केलेला नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिनी निवडून तिचे पैसे भरण्याची पद्धत आल्याने तो प्रथमच थेट ग्राहक झाला खरा, पण पैसे भरतो तो वाहिनीचे, मालिकेचे नव्हे. त्यातही आता चाकणहून निगडीकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये, मध्यरात्रीनंतर, कानात तार खुपसून आदल्या संध्याकाळचा भाग मोबाइलवर पाहिला जातो. टीव्हीला जोडलेल्या यंत्राला तो प्रेक्षक ऐकू येत नाही. बस तळवड्याच्या चौकात थांबते, एकजण उतरतो, आणि उरलेली सात मिनिटे उद्याच्या फेरीसाठी राहतात.