‘टाइम’च्या कंसातला ‘नल’

सी भाषेत आत्ताची वेळ हवी असेल तर आपण ‘टाइम’ फंक्शन बोलावतो आणि कंसात ‘नल’ लिहितो. उत्तर तर फंक्शन परत देतंच, मग हा नल कशाला? कॉलेजात तो पाठ होतो, पण त्यामागचं कारण क्वचितच कळतं. ते सापडतं अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये.

युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१चं. त्यात वेळ १ जानेवारी १९७१पासून, सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजली आहे. असा आकडा ३२ बिटांत जेमतेम सव्वादोन वर्षं मावतो. लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. मॅन्युअलच्या ‘बग्ज’ या भागात त्यांनी ते मोकळेपणानं नोंदवलंय. १९७३च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत मोजणी पूर्ण सेकंदांत आणि १ जानेवारी १९७०पासून ठरली. आज फोनपासून सर्व्हरपर्यंत हीच मोजणी चालते.

सी वाढली ती पीडीपी-११ या मशीनवर. तिथे ‘इंट’ १६ बिटांचा आणि ‘लाँग’ सुरुवातीला नव्हताच. ३२ बिटांची वेळ एका इंटमध्ये परत कशी देणार? म्हणून दोन इंटांच्या अ‍ॅरेचा पत्ता द्यायचा आणि टाइमनं त्यात वेळ भरायची. पुढे लाँग आला, उत्तर थेट परत मिळू लागलं. पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून पत्त्याची जागा तशीच राहिली. नल म्हणजे ‘कुठे लिहून ठेवू नकोस, नुसतं सांग’.

वेळ वाचायला सगळ्यांना मुभा होती. ‘एसटाइम’नं ती बदलायचा हक्क मात्र फक्त सुपरयूझरला. ते योग्यच होतं. ‘मेक’सारखा प्रोग्रॅम कोणती फाइल नवी हे तारखेवरून ठरवतो, घड्याळ मागे गेलं की त्याचा हिशेब चुकतो. म्हणूनच ४.३ बीएसडीत ‘अ‍ॅडजटाइम’ आलं. ते घड्याळ झटक्यात न हलवता त्याची चाल किंचित कमी-जास्त करतं.

एक अडचण उरली. ३२पैकी एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातो. त्यामुळे १९ जानेवारी २०३८ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, आकडा संपतो. पुढच्या सेकंदाला अशा मशीनवर डिसेंबर १९०१ उजाडेल.

६४ बिटांच्या फोनवर घड्याळाची काळजी नाही. ३२ बिटांच्या मशीनसाठीही लिनक्सनं २०२०मध्ये, ५.६ आवृत्तीत वाट करून दिली. पण कर्नल बदलला म्हणून वरचे प्रोग्रॅम आपोआप बदलत नाहीत. कुणीतरी टाइमचं उत्तर साध्या इंटमध्ये किंवा फाइलमधल्या चार बाइटांत ठेवलेलं असतं. अशी प्रत्येक जागा शोधून दुरुस्त करावी लागते, आणि ते काम आता आपल्या पिढीकडे आलंय.