साठमारी : अगडात उतरलेल्या माणसांविषयी

निवडणुका जवळ आल्या की मराठी आणि गुजराती, दोन्ही वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास सापडतो : साठमारी. सत्तेची साठमारी, तिकिटांची साठमारी, अध्यक्षपदाची साठमारी. बडोद्यातल्या मराठी घरांत बऱ्याचदा दोन्ही भाषांची वर्तमानपत्रं येतात, त्यामुळे हा शब्द आम्हाला दुप्पट वाचायला मिळतो. दोन बडी धेंडं एकमेकांना भिडली आहेत आणि बाकीचे बघताहेत, असा त्याचा आजचा अर्थ. पण दोन हत्ती एकमेकांवर सोडले तर ती झाली झुंज. साठमारी वेगळी. तिच्यात मस्तीला आलेला एकच हत्ती असे आणि त्याच्यासमोर पायी उभी राहिलेली माणसं. या माणसांना साठमार म्हणत. शब्द आपण उचलला आणि त्यातला माणूस मात्र वाटेत कुठेतरी सांडला. हा लेख त्या माणसाबद्दल आहे.

बडोद्याची साठमारी जगाला कळली ती मुख्यतः एका फ्रेंच प्रवाशामुळे. लुई रूसले हा 1860 च्या दशकात हिंदुस्थानात होता. 1864 साली तो बडोद्यात आला आणि खंडेराव महाराज गायकवाडांचा पाहुणा म्हणून राहिला. खंडेरावांची कारकीर्द 1856 ते 1870. हिरे, मोती, कुस्ती, शिकार आणि जनावरांच्या झुंजी हे त्यांचे शौक. 'स्टार ऑफ द साउथ' हा हिरा घेणारे आणि मोत्यांचा गालिचा करवून घेणारे ते हेच. रूसलेने परत गेल्यावर हिंदी राजांच्या दरबारांवर मोठं सचित्र पुस्तक लिहिलं, 1875 च्या सुमाराला ते फ्रेंच आणि इंग्रजीत निघालं. बडोद्याच्या प्रकरणांत हत्ती, गेंडे, चित्ते यांची रेलचेल आहे. चित्रंही आहेत. हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा दाखवणारं त्याचं एक चित्र तर आजही जिथे तिथे छापलं जातं. मराठीत 'हत्तीच्या पायी देणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, ते चित्र एकदा पाहिलं की तो तितक्या सहज तोंडी येत नाही.

ज्या आवारात हे खेळ चालत त्याला अगड म्हणत. उदयपूरकडे अगड म्हणजे दोन झुंजणाऱ्या हत्तींच्या मधली आडवी भिंत. बडोद्यात सगळ्या रिंगणालाच ते नाव पडलं. जाड, उंच भिंतींचं लांबरुंद मैदान, एका अंगाला महाराज आणि पाहुण्यांची बसायची जागा. भिंतींत ठिकठिकाणी अरुंद दारं : माणूस अंग चोरून निसटेल, हत्ती घुसणार नाही, एवढीच रुंद. सगळा खेळ खरं म्हणजे या दारांवर उभा होता. भाला, रुमाल, घोडा हे सगळं नंतरचं. दार कुठे आहे आणि आपण त्यापासून किती पावलांवर आहोत, हा हिशेब साठमाराच्या डोक्यात सतत चालू असणार.

आता हत्तीबद्दल. साठमारीला नुसता मोठा हत्ती चालत नसे, तो मस्तीतला नर लागे. प्रौढ नराच्या डोळा आणि कान यांच्या मधोमध एक ग्रंथी असते, मस्तीत तिच्यातून दाट, उग्र वासाचा स्राव गालावर ओघळतो. त्यालाच आपण मद म्हणतो. गणपतीच्या वर्णनातला मद तोच, पण तिथे तो सुगंधी आणि भुंग्यांना बोलावणारा. प्रत्यक्षात या दिवसांत नराच्या रक्तातलं नरसंप्रेरक कित्येक पटींनी वाढतं, आणि वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या माहुतालाही तो जुमानत नाही. मस्ती काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते. बडोद्यात हत्तीला मस्तीवर आणण्यासाठी तीन महिने साखर आणि लोणी चारत, असं रूसले लिहितो. वाचताना ही दरबारी अतिशयोक्ती वाटते, पण त्यात तथ्य आहे. उपाशी, अशक्त नर मस्तीत नीट येत नाही, धष्टपुष्ट असेल तर येतो आणि जास्त दिवस राहतो. आजच्या अभ्यासकांनीही हेच पाहिलं आहे. हत्तीखान्यातल्या लोकांना ते अनुभवानं ठाऊक होतं.

मग एक दिवस त्याच्या पायातले साखळदंड सोडत आणि तो मोकळा अगडात येई. सुळे आधीच छाटून त्यांना धातूची कडी चढवलेली. त्यामुळे भोसकण्याचा धोका कमी होई, एवढंच. चार-पाच टन वजनाच्या जनावराला माणूस मारायला सुळ्याची गरज पडत नाही. सोंड, कपाळ आणि पुढचा पाय पुरतो. साठमार जवळजवळ उघड्या अंगानं, हलक्या पावलांनी आत शिरत. कुणाच्या हातात भाला, कुणाच्या हातात रंगीत कापड. एकजण समोर जाऊन डिवचे. हत्ती कान पसरून, सोंड आत गुंडाळून धावून येई. सोंड गुंडाळली म्हणजे ही हूल नाही, हा खरा हल्ला, हे जाणत्याला लगेच कळतं. मग तो पळे आणि दुसरा आडवा येऊन हत्तीचं लक्ष आपल्याकडे ओढून घेई.

हत्ती जाडजूड म्हणून मंद, अशी आपली समजूत असते. ती या मैदानात एका मिनिटात उतरली असती. थोड्या अंतरावर हत्ती तासाला पंचवीस किलोमीटरच्या आसपास वेगानं येतो. साधा माणूस सपाटीवर, घाबरलेला, चपला सावरत तेवढं पळू शकत नाही. साठमाराचं शहाणपण वेगात नव्हतंच. हत्तीला काय जमत नाही, याची त्याला पक्की माहिती होती. हत्ती उडी मारू शकत नाही. धावतानाही त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटत नाहीत. पूर्ण वेगात असताना एवढं ओझं झटक्यात वळवणं त्याला जड जातं. त्याची नजर बेताचीच, नाक मात्र विलक्षण, त्यामुळे उभ्या माणसापेक्षा हलणारं कापड त्याला आधी दिसतं. रूसले लाल कापडाचं कौतुक करतो, पण रंगाचा त्यात फारसा भाग नसावा, फडफडण्याचाच असावा असं मला वाटतं. शेवटच्या टप्प्यात घोडेस्वार येई. हत्तीला घोड्याचा विशेष राग, असा तेव्हाचा समज. स्वार हत्तीला भोवती भोवती नाचवी आणि अगदी सोंडेच्या टप्प्यातून घोडा काढी.

आणि साठमार पडला तर? तर आतषबाजी. काठीच्या टोकाला बांधलेली दारूची चरखी पेटवून हत्तीच्या तोंडासमोर धरत. हा उपाय बडोद्याचा नव्हे, जुना मोगली. बर्निए या फ्रेंच वैद्यानं औरंगजेबाच्या काळात दिल्लीतल्या हत्तींच्या झुंजी पाहिल्या आणि झुंज सोडवायला चरखीच लागते, असं लिहून ठेवलं. चरखी दर वेळी चालेच असं नाही. 1633 च्या मे महिन्यात आग्र्याला यमुनेकाठी शाहजहानसमोर झुंज चालू असताना सुधाकर नावाचा हत्ती घोड्यावरच्या शाहजाद्यावर धावून गेला. दारूकाम उडालं, धूर झाला, हत्ती थांबला नाही. चौदा वर्षांच्या शाहजाद्यानं त्याच्या कपाळावर भाला फेकला, घोडा कोसळला, तरी तो हटला नाही. तो औरंगजेब. दरबारी इतिहासानं हा प्रसंग चित्रासकट जपला. पुढे महाराष्ट्रात पंचवीस वर्षं तळ ठोकून बसलेला हट्टी म्हातारा समजून घ्यायलाही हा प्रसंग उपयोगी आहे, पण तो वेगळा विषय.

बर्निएनं लिहिलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. झुंजीला निघताना माहूत बायकापोरांचा रीतसर निरोप घेत, फाशीला निघालेल्या माणसासारखा. जगले-वाचले आणि बादशहा खूश झाला तर पगारवाढ, शिवाय हत्तीवरून उतरताच पैशांची एक थैली. मेले तर पगार विधवेला चालू आणि मुलाला बापाच्या जागी नोकरी. म्हणजे वारसाला मिळणार तेच काम, तोच हत्ती. आपल्याकडे या खेळांबद्दल लिहिताना 'मर्दानी' हा शब्द फार वापरतात. त्या थैलीचा आणि त्या वारसाहक्काच्या नोकरीचा हिशेब धरला की मला तो शब्द लिहवत नाही. साठमार शूर होता यात शंका नाही. पण घरून निघताना त्याच्या पोटात गोळा आला नसेल, असं समजायचं काही कारण नाही.

बडोद्यातला सर्वात गाजलेला खेळ 1875 च्या नोव्हेंबरातला. ते वर्षच विलक्षण. एप्रिलमध्ये मल्हारराव पदच्युत झाले, मे महिन्यात बारा वर्षांच्या गोपाळरावांना जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतलं आणि ते सयाजीराव झाले, राज्यकारभार सर टी. माधवरावांच्या हाती आला. विस्कटलेला खजिना आणि बदनाम दरबार सावरायचा होता. आणि त्याच हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, बडोद्याला आले. बरोबर क्रिमियाच्या युद्धामुळे नाव झालेले बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल. पाहुण्यांसाठी अगड उघडला. हत्ती, गेंडे, रेडे, एडके, सगळ्यांच्या झुंजी लावल्या. गेंडा हे मुळात एकलकोंडं जनावर, समोर दुसरा गेंडा दिसला म्हणून लढायला उठणारं नव्हे. खंडेरावांच्या वेळी ओळखू यावेत म्हणून एकाला काळा आणि दुसऱ्याला तांबडा रंग फासत, आणि अंगावर पाणी ओतून ओतून त्यांना तयार करत. एवढा काटकसरी, सुधारक दिवाण, आणि त्यानं हे का होऊ दिलं, असा प्रश्न आमच्या मंडळात कुणीतरी नेहमी विचारतं. माझं मत साधं आहे : पाहुण्याला तेच बघायचं होतं. रानटी पौर्वात्य खेळ म्हणून नाकं मुरडणारे आणि ते बघायला पुढच्या रांगेत बसणारे, हे बहुतेक वेळा एकच लोक होते.

बडोद्याहून कोल्हापूरचा धागाही आहे. राजर्षी शाहूंचं लग्न 1891 साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं, आणि साठमारीचा नाद महाराजांनी बडोद्याहून नेला असं कोल्हापुरात सांगतात. तिथे साठमारी हे एका भागाचं नावच होऊन बसलंय. मैदानात दगडी बुरूज आणि त्यांत अरुंद वाटा, तत्त्व बडोद्याच्या दारांचंच. फरक असा की शाहू महाराज स्वतः भाल्यानं रानडुक्कर मारणारे, चित्ते पाळणारे गडी. आपल्या साठमारांना ते नुसतं वरून बघत नव्हते, त्यांच्या कामातलं त्यांना कळत होतं. मोठ्या जनावराशी रोज गाठ असलेल्या माणसांना तिथे मान होता, एवढं कोल्हापूरकरांच्या आठवणींवरून दिसतं.

अगडातल्या हत्तीलाही भीती वाटत होती, हे आपण विसरतो. मस्ती म्हणजे वेड नव्हे. मोकळ्या रानात मस्तीतला नर मैलोन्‌मैल चालतो, माद्या शोधतो, दुसऱ्या नरांना हुसकतो. इथे चारही बाजूंना भिंत, भोवती आरडाओरडा, टोचणारे भाले आणि डोळ्यांसमोर आग. तो ज्या माणसावर धावून जातो तोही घाबरलेला, आणि दोघांपैकी कुणीही तिथे स्वतःहून आलेला नाही.

हे सगळं जुनं झालं असं म्हणावं, तर या शतकाच्या सुरुवातीपासून कर्नाटकातून रानहत्ती दोडामार्ग, चंदगड, आजऱ्याकडे उतरू लागले. बेळगाव-खानापूरच्या आमच्या मित्रांना हे नवीन नाही. आजरा-चंदगडात लोक त्याला नुसतं 'टस्कर' म्हणतात, एखाद्या दांडगट शेजाऱ्याचं नाव घ्यावं तसं. ऊस, केळी, भात, काजूच्या बागा यांत तो येतो. हाकायला जातात ते वनखात्याचे कर्मचारी आणि गावातली पोरं, हातात बॅटरी, फटाके, पेटते टेंभे. म्हणजे चरखीच. आणि आवाज रोजचाच झाला की हत्ती त्याला दाद देईनासा होतो, हेही तसंच. फक्त रात्री बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे माणूसभर रुंदीचं दार नसतं, असतो तो पाटाचा चिखल किंवा काजूचं कुंपण.

खंडेरावांचे हिरे, त्यांची वजनं, त्यांची पुढची मालकी, सगळं नोंदलेलं आहे. सुधाकर हत्तीचं नाव पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ टिकलं. 1864 ला रूसलेसमोर आणि 1875 ला प्रिन्ससमोर अगडात उतरलेल्या साठमारांपैकी एकाचंही नाव मला छापील मजकुरात भेटलेलं नाही. हत्तीखान्याच्या जागी आता धान्यबाजार आहे, नाव मात्र हाथीखाना हेच. आपल्यापैकी कुणाच्या घराण्यात हत्तीखान्याची, शिकारखान्याची किंवा साठमारीची चाकरी होती, जुनी सनद, पगाराची चिठ्ठी, छायाचित्र किंवा निदान आजोबा-पणजोबांकडून ऐकलेलं एखादं नाव जवळ असेल, तर मंडळाकडे जरूर पाठवा. कागद मोडीत असला तरी हरकत नाही, वाचणारे आपल्यात आहेत.