निवृत्तीनंतरची प्रवृत्ती : नौसेनाधिकाऱ्यांच्या उत्तरायुष्यासंबंधी काही विचार

‘निवृत्ती’ हा शब्द वेदान्ताच्या परिभाषेतून सरकारी कचेरीत येऊन स्थिरावला. प्रवृत्तीपासून परत फिरणे हा त्याचा मूळ अर्थ. आज वेतनाच्या जागी निवृत्तिवेतन सुरू होणे, एवढाच तो उरला आहे. या अर्थसंकोचाची छाया आपल्या इतिहासलेखनावरही पडलेली दिसते. सेनानीचे चरित्र युद्धापाशी भरास येते आणि निवृत्तीच्या दिनांकापाशी आटोपते. पुढील तीस-पस्तीस वर्षे एका वाक्यात उरकली जातात. नौसेनेच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच जाणवते. कामठीची छावणी व वायुसेनानगर यांमुळे नागपूरकरांस भूसेना आणि वायुसेना परिचयाच्या आहेत. आरमार मात्र समुद्राइतकेच दूरचे, आणि तो शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला!

नाविकाचे उत्तरायुष्य तो कोणत्या दाराने बाहेर पडला यावर पुष्कळ अंशी ठरते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वर सुरू झालेल्या उठावानंतर जे नाविक बडतर्फ झाले, त्यांस निवृत्तिवेतन कोठले? स्वतंत्र भारताच्या नौसेनेनेही त्यांस परत घेतले नाही. त्यांपैकी बी. सी. दत्त ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये पत्रकार झाले, नंतर जाहिरातीच्या व्यवसायात गेले, आणि १९७१ मध्ये त्यांनी त्या उठावाचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. उलट, १९५८ मध्ये नौसेनेचे पहिले भारतीय प्रमुख झालेले ॲडमिरल रामदास कटारी यांच्याकडे १९६२ मधील निवृत्तीनंतर आंध्र प्रदेशच्या मार्ग परिवहन महामंडळाची सूत्रे आली, व पुढे ते ब्रह्मदेशात राजदूत झाले. एकास राज्यसंस्थेने दार लावून घेतले, तर दुसऱ्यास नवे दार उघडून दिले.

तथापि या दोन्हींहून निराळा असा एक तिसरा प्रकार आहे, आणि त्याची दोन ठळक उदाहरणे महाराष्ट्रातील खेड्यांत घडली आहेत.

व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांचा जन्म १९२७ चा. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडील समुद्रात ‘कामोर्ता’ या नौकेचे अधिपत्य करून त्यांनी वीरचक्र मिळविले. पश्चिम नौसेना विभागाचे प्रमुख म्हणून १९८३ मध्ये ते निवृत्त झाले आणि फलटणजवळील विंचुर्णी या गावी राहिले. १९४५ ते १९८३ ही अडतीस वर्षे सेवेची. नोव्हेंबर २०१८ मध्ये निधन होईपर्यंतची पस्तीस वर्षे निवृत्तीची. म्हणजे आयुष्याचे हे दोन भाग जवळजवळ सारख्याच लांबीचे आहेत, आणि चरित्रकाराने दुसऱ्याकडे पाठ फिरवणे हे काही केवळ विस्तारभयाचे कारण नव्हे.

१९७८ मध्ये, सेवेत असतानाच, आवटींनी मुंबईत सागरी इतिहासाच्या अभ्यासासाठी ‘मेरीटाइम हिस्टरी सोसायटी’ स्थापिली होती. पण त्यांचा खरा ध्यास वेगळाच होता : भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. अधिकारपदावर असताना हे हुकमाने घडविता आले असते की नाही, सांगणे कठीण. निवृत्तीनंतर मात्र हुकूम संपलेला होता. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर आज्ञार्थ गेला आणि विध्यर्थ राहिला. ‘करा’ म्हणण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने ‘करावे’ असे वर्षानुवर्षे म्हणत राहणे, ही त्यांच्या उत्तरायुष्याची रीत होय. अखेर नौसेनेने कल्पना स्वीकारली. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात छप्पन्न फुटी नौका तयार झाली व फेब्रुवारी २००९ मध्ये नौसेनेत दाखल झाली. तिचे नाव ‘म्हादेई’. मांडवीचेही हे एक नाव, आणि त्यात ‘महादेवी’ हे रूप उघड दिसते. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा पूर्ण केली.

दुसरे उदाहरण ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचे. कटारींचे हे जामात. १९९० ते १९९३ या काळात नौसेनाप्रमुख असलेले रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ भायमळा येथे शेती करू लागले. भारत-पाकिस्तान मैत्री आणि अण्वस्त्रविरोध यांस त्यांनी वाहून घेतले. २००४ मध्ये पाकिस्तानच्या इब्न अब्दुर रहमान यांच्यासमवेत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. राज्याच्या संरक्षणनीतीस तिच्याच एका माजी सेनापतीने विरोध करावा काय, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. आम्हांस तो उलट बाजूनेही विचारावासा वाटतो : शस्त्राचा परिणाम ज्याने जवळून पाहिला, त्याने गप्प राहावे असे म्हणण्यास आधार कोणता? आवटींच्या कार्यास दाखविण्यासारखी नौका आहे, म्हणून त्याचा गौरव सोपा. रामदासांच्या कार्यास तसे दृश्य फळ नाही. इतिहासकाराने मात्र फळ दिसते की नाही यावरून स्वयंसेवेची प्रत ठरवू नये.

दोघांच्या कार्याचे धागे एके ठिकाणी जुळतातही. स्त्रियांना नौसेनेत अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला तो रामदासांच्या कारकिर्दीत, १९९२ मध्ये. पुढे १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून सहा स्त्री-अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या, त्या आवटींच्याच कल्पनेतून वाढलेल्या उपक्रमात. दिवाडीसच बांधलेली त्यांची ‘तारिणी’ २१ मे २०१८ रोजी परत आली, तेव्हा आवटी नव्वद वर्षांचे होते.