कॅमेरा घेताना आधी फीत विचारा



घरात हाय-डेफिनिशन कॅमकॉर्डर घ्यायची गोष्ट निघाली की पुरुषमंडळी लेन्स आणि झूमवरच अडतात. चित्रण साठणार कशावर, हे बहुधा आपल्यालाच विचारावं लागतं.

प्रश्न जुना आहे. 1912 मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कोऱ्या फिल्मला कडेची भोकंही नसत. ती अंधारात पाडण्याचं काम सरस्वतीबाईंनी केलं, फिल्म धुणंही त्या शिकल्या. (त्या फिल्मवर जिलेटिनचा थर असे, म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला. हे कळलं तेव्हा मला जुने अल्बम उघडवेनात.)

1995 मध्ये मिनी-डीव्ही कॅसेट आली. 2003 मध्ये एचडीव्ही आलं, तेही त्याच कॅसेटवर. 2006 च्या एव्हीसीएचडीनंतर घरगुती कॅमेरे कार्ड आणि हार्ड डिस्ककडे वळले, नि कॅसेट चालवणारी यंत्रं बाजारातून गेली.

आमच्याकडे अशीच एक कॅसेट होती. सासूबाई मुक्तागिरीच्या पायऱ्या चढताहेत, धाप लागतेय, तरी णमोकार चालूच. आता त्या नाहीत. तो आवाज तेवढाच उरलेला.

चालू कॅमेरा अख्ख्या नात्यात एकच निघाला, अकोल्याच्या नणंदबाईंकडे. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. एचडीव्हीचं तासाभराचं चित्रण साधारण 11 जीबी होतं. मी कॉमर्सवाली, म्हणून कॅमेऱ्याच्या किमतीत दोन डिस्कचे पैसे आधीच धरते.

सासूबाईंच्या आवाजाची एक प्रत अमरावतीत आहे, दुसरी नणंदबाईंच्या कपाटात.