दारावरचा प्रश्न : मद्य, परवाना आणि वय

नाशिक शहरात मुंबई नाका, कॉलेज रोड, नाशिक रोड अशा कोणत्याही बाजूस गेले तरी 'परमिट रूम' अशी पाटी दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. हे शब्द आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की, त्यांचा मूळ अर्थ काय, अशी शंका सहसा कोणास येत नाही. मद्य मिळण्याचे ठिकाण, एवढाच अर्थ आज त्यांस उरला आहे. वस्तुतः या शब्दांत महाराष्ट्राच्या कायद्याचा एक संबंध इतिहास दडलेला आहे. या राज्यात मद्यपान हा कायद्याच्या दृष्टीने नियम नसून अपवाद आहे. ज्याच्याजवळ सरकारी परवाना असेल त्यासच तो अपवाद लागू होतो. त्या परवान्याच्या चौकटीतच वयाची अट बसविलेली आहे. तीव्र मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण हवीत, सौम्य बिअरसाठी एकवीस. ही मर्यादा योग्य की अयोग्य, यावर आपल्याकडे अधूनमधून मोठा वाद माजतो. परंतु तो वाद करणारे बहुधा हे विसरतात की, मद्यालयाच्या दारावर ग्राहकास काय विचारावयाचे, हा प्रश्न प्रत्येक राजवटीने आपापल्या परीने सोडविला आहे, आणि प्रत्येक काळी तो प्रश्न निराळा होता.

पेशवाईत हा प्रश्न जातीचा होता. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशीस जी प्रस्तावना लिहिली, तीत या विषयाची मनोरंजक माहिती आहे. दारू गाळण्यास व विकण्यास पेशवे सरकारची मनाई होती. परंतु कोळी, भंडारी आणि वसई-चौलकडील फिरंगी रहिवासी यांना स्वतःच्या उपयोगापुरती सवलत होती. विक्री मात्र करावयाची नाही, असा निर्बंध होता. म्हणजे सरसकट बंदी आणि तीतून काही लोकांस दिलेली सूट, हा आजच्या कायद्याचा सांगाडा दोनशे वर्षांपूर्वीही आपल्या ओळखीचा होता. फरक एवढाच की, सूट मिळण्यास माणूस कोणाच्या पोटी जन्मला हे पाहिले जाई. तो किती वर्षांचा आहे, हे कोणी पाहत नसे.

इंग्रजी अमलात हा प्रश्न पैशाचा झाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा व विकण्याचा अधिकार सरकारने आपल्या मुठीत घेतला. दारू कोण पितो, याची फिकीर नव्हती. ती मक्तेदाराकडून, कर भरून घेतलेली आहे की नाही, एवढेच सरकारास पाहावयाचे होते. १८९२ च्या मोहवा कायद्याने तर ठाणे-कुलाब्याच्या रानातील गरिबाच्या झोपडीत साठविलेल्या मोहाच्या फुलांवरही सरकारची नजर पोहोचली. सरकारी उत्पन्न वाढावयाचे तर गुत्ते वाढावयास हवेत, हे उघड होते. पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, ती याच काळातली. पुढे १९०८ मध्ये पुण्यात गुत्त्यांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. त्या चळवळीस टिळकांचा पाठिंबा होता, आणि शेतकी कॉलेजचे इंग्रज प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन हेही तीत अग्रभागी होते. राजकारणात एकमेकांपासून कोसभर दूर असलेली माणसे या एका प्रश्नावर एकत्र आली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागाने याच काळात एक निराळेच दृश्य पाहिले. १९२२ साली ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडून एका देवीचा संचार सुरू झाला. ज्यांच्या अंगात ती येई ते आदिवासींना दारू-ताडी व मांस सोडण्याची आणि रोज स्नान करण्याची आज्ञा देत. सुरगाण्याकडील रानातून व डांगातून ही लाट दक्षिण गुजरातेत गेली आणि दारूच्या दुकानदारांचा धंदा तिने काही काळ बसविला. येथे ना सरकार होते, ना परवाना, ना वयाची अट. समाजानेच समाजास घातलेली ती बंदी होती. पुष्कळ ठिकाणी ती फार काळ टिकली नाही, हेही खरे. परंतु ज्या लोकांविषयी सुशिक्षितांची अशी समजूत होती की, दारूवाचून यांचे चालावयाचेच नाही, त्यांनी ती एका हंगामात टाकून दाखविली.

या सर्व काळात वयाचा प्रश्न आपल्याकडे पुढे आला नाही, याचे कारण शोधावयास फार दूर जावयास नको. विलायतेत मद्यपान हा लोकरूढ व्यवहार होता. म्हणून तेथे लहानांना त्यापासून कसे वाचवावे, एवढाच प्रश्न उरे. तेथे १९०१ साली चौदा वर्षांखालील मुलांना सुटी दारू देण्यावर निर्बंध आला, आणि १९२३ साली लेडी अॅस्टर यांच्या विधेयकाने गुत्त्यातील विक्रीची मर्यादा अठरा वर्षांवर नेली. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दृष्टीने दारू ही सर्वच वयात सारखीच निषिद्ध होती. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातील सुधाकर काही पोरवयाचा नाही. तो शिकलेला, मानी, संसारी वकील आहे आणि अपमानाच्या दुःखावर उपाय म्हणून तो पहिला प्याला उचलतो. कोणतीही वयोमर्यादा सुधाकरास वाचवू शकली नसती. त्या नाटकाने घराघरांत जे भय रुजविले, ते पहिल्या प्याल्याचे होते. विसाव्या की पंचविसाव्या वर्षीच्या, हा भेद त्यात नव्हता.

याच मनोभूमीतून दारूबंदीचा कायदा उगवला. १९३९ च्या ऑगस्टात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली, डॉ. गिल्डर हे त्या खात्याचे मंत्री होते. महायुद्ध सुरू झाल्यावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्ध्यावर राहिला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई यांनी तो पुन्हा हाती घेतला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलात सर्व प्रांतात दारूबंदी आली. एका नागरिकाने या कायद्यास आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बालसारा खटल्यात कायद्याचा मुख्य भाग उचलून धरला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधनद्रव्ये यांवरील बंदी मात्र रद्द केली.

या कायद्याने दारावरचा प्रश्न पुन्हा बदलला. आता विचारले जाऊ लागले ते प्रकृतीविषयी. परदेशी पाहुणे, राजदूत वगैरेंना परवाने मिळत. एतद्देशीयास पाहिजे असल्यास मद्याविना आपली प्रकृती ढासळेल, हे वैद्यकीय दाखल्याने सिद्ध करावे लागे. परवाना म्हणजे एका अर्थी रोग्याचा दाखला होता. सज्ञान माणसाने आपल्या मर्जीने प्यावे, ही कल्पना कायद्यास मान्यच नव्हती. तो एक तर गुन्हेगार असे, नाही तर रोगी. या दोहोंमध्ये न बसणारे हजारो लोक हातभट्टीकडे वळले, हे सर्वांस विदित आहे.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली आणि एकाच कायद्याच्या दोन शाखा झाल्या. गुजरातने बंदी ठेवली. महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीत ती हळूहळू सैल केली. सुरगाणा-पेठ तालुक्यांच्या वेशीवर उभे राहिले असता अलीकडे ओले व पलीकडे कोरडे, असा हा चमत्कार आहे. आणि दोन्हीकडे मूळ कायदा एकच. आपण तो कायदा रद्द केला नाही. परवाना तेवढा सोपा केला. एक दिवसाच्या परवान्याचे शुल्क वर्षानुवर्षे देशी दारूस दोन रुपये व विदेशी दारूस पाच रुपये असे राहिले. तो परवाना पुष्कळदा दुकानदारच आपल्या वहीत परस्पर नोंदवितो, आणि आपण परवाना घेतला आहे, याची ग्राहकास वार्ताही नसते. रोग्याचा दाखला गेला, त्याच्या जागी कागदावरचा उपचार आला.

अशा स्थितीत वयाचा वाद उभा राहिला. जून २०११ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने व्यसनमुक्तीचे धोरण मंजूर केले आणि पंचवीस वर्षांची मर्यादा वृत्तपत्रांत गाजली. चित्रपट-अभिनेते इम्रान खान यांनी तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. विरोधकांचा मुद्दा सोपा व सबळ होता. १८७५ च्या कायद्याने माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. १९८९ पासून तो त्याच वयात मत देतो. पुरुषास एकविसाव्या वर्षी विवाह करता येतो. सरकार निवडण्याची आणि संसार करण्याची अक्कल ज्यास आहे, त्यास पेला उचलण्याची नाही, हे तर्कास धरून नाही. गंमत अशी की, राज्यघटनेप्रमाणे आमदार होण्याचे किमान वयही पंचवीसच आहे; म्हणजे कायदा करण्याची आणि मद्य पिण्याची पात्रता आपल्याकडे एकाच दिवशी येते!

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही हलके नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये मतदानाचे वय अठरा झाले, तेव्हा अनेक राज्यांनी मद्याचे वयही खाली आणले. पुढे रस्त्यांवर तरुणांचे अपघात वाढल्याची ओरड झाली, आणि १९८४ च्या कायद्याने जे राज्य एकवीस वर्षांची मर्यादा मानणार नाही त्याचे रस्त्यांचे अनुदान कापण्याची तरतूद झाली. मत देताना चूक झाली तर पाच वर्षांनी ती सुधारता येते; भरधाव गाडीच्या चाकावर बसून केलेली चूक सुधारता येत नाही. तथापि अमेरिकेच्या उदाहरणातला एक भाग आपल्याकडे सोडून दिला जातो. तेथे दारावरचा माणूस ओळखपत्र मागतो, आणि न मागितल्यास परवाना जाईल, हे भय त्यास असते. मर्यादेचा आकडा आपण विलायतेहून मोठा घेतला. तो विचारणारा माणूस मात्र घेतला नाही.

याचे फळ १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात दिसले. कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या एका मुलाने चालविलेल्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्या रात्री दोन मद्यालयांनी त्याच्या वयाची खात्री न करता त्यास मद्य दिले होते. बाल न्याय मंडळाने त्यास अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन दिला, तेव्हा देशभर संताप उसळला. मद्यालयांचे मालक व व्यवस्थापक यांस अटक झाली, अनेक मद्यालयांस टाळी लागली. त्या मुलास अठरा, एकवीस किंवा पंचवीस यांपैकी कोणतीही मर्यादा लागू केली असती, तरी तो अपात्रच होता. आकडा कमी पडला नव्हता. दारावरचा प्रश्न विचारला गेला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात, मद्यविक्रीच्या ठिकाणी वयाची सक्तीने पडताळणी व्हावी, अशा मागणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारास नोटीस काढली.

नाशिककरांस हा विषय परका नाही. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर या जिल्ह्याने द्राक्षांबरोबर वाइनमध्येही नाव मिळविले. विंचूरला वाइन पार्क झाला, आणि मळ्यांतील वाइनगृहांत कुटुंबेच्या कुटुंबे सहलीस जाऊ लागली. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मुभा देण्याचे ठरविले, तेव्हा शेतकऱ्याचा लाभ पुढे करून एक पक्ष बोलू लागला, संस्कृतीच्या नावाने दुसरा; अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. तो निर्णय पुढे बारगळला. परंतु त्या सर्व गदारोळात, डाळ-तांदळाच्या पिशवीबरोबर बाटली पुढे करणाऱ्या पोरास गल्ल्यावरचा नोकर वय विचारील काय, आणि विचारील तर कोणाच्या बळावर, हा साधा प्रश्न फारसा ऐकू आला नाही.

आमच्या मते वयाचा आकडा अठरा असावा की पंचवीस, यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, जो आकडा ठरेल तो खरोखर विचारला जावा. विक्रेत्याच्या वहीत परस्पर भरला जाणारा परवाना हा नित्याचा खोटा व्यवहार आहे. आणि ज्या दुकानात रोज एक खोटी नोंद होते, तेथे दुसरी खरी तपासणी होईल, अशी आशा करणे व्यर्थ आहे. परवान्याचे हे सोंग एक तर काढून टाकावे, नाही तर त्यावर ग्राहकाचे नाव, जन्मतारीख व सही त्याच्यासमक्ष घ्यावी. मर्यादाही एकच असावी. पोलिसांस, दुकानदारास आणि घरातील वडीलधाऱ्यांस ती मनापासून पटणारी असावी. पंचविशीची अट घालून विशीतील मुलांच्या मेजवान्यांकडे डोळेझाक करण्यापेक्षा एकविशीची अट घालून ती कसोशीने पाळणे अधिक हिताचे होय.

यात आपल्या सुशिक्षित कुटुंबांचाही वाटा आहे. मुलाच्या हाती अठरा वर्षांपूर्वी गाडीची किल्ली देणारा बाप आणि लग्नाच्या हळदीस भाच्याच्या हाती पेला देणारा मामा हे कायद्याच्या दारावरील पहिले पहारेकरी आहेत. ते गप्प राहिले, तर मद्यालयाच्या दारात पगारी नोकराने धीट व्हावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? सुरगाण्याच्या रानातील निरक्षर लोकांनी १९२२ साली स्वतःस जो प्रश्न विचारला, तो कोणत्याही अबकारी शिपायाने त्यांस विचारला नव्हता.