दाताचा डॉक्टर आणि तंबाखूची सवय

तंबाखू सोडायला कोणी सांगावे, असे विचारले तर बहुतेक जण छातीच्या डॉक्टरचे नाव घेतील. वऱ्हाडात मात्र हे काम प्रथम दाताच्या डॉक्टरकडे येते. कारण अमरावती-अकोल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा चघळली जाते अधिक. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा पानटपरीवर सहज मिळतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले. विडी-सिगारेट ओढणारे केवळ ३.८ टक्के.

तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखूशी असलेला संबंध खेड्यापाड्यांत जाऊन तपासण्याचे काम आपल्या देशात दंतवैद्यांनीच केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि कोपनहेगनचे प्रा. पिंडबोर्ग यांनी १९६६ पासून घरोघर पाहणी सुरू केली. पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडे तपासली गेली. पुढे महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या पाहणीचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाआधी बहुधा तोंडात पांढरा चट्टा किंवा तशीच दुसरी खूण दिसते, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले. म्हणजे रोग आधी सूचना देतो. ती वाचणारा हवा.

मग पुढचा प्रश्न: नुसत्या सांगण्याने सवय सुटते का? १९७७ च्या सुमारास एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांची दरवर्षी तपासणी करून त्यांना प्रत्यक्ष भेटून समजावले गेले. तुलनेला त्याच भागांतील, असे समजावणे न झालेला आधीचा गट होता. पाच वर्षांनी सवय सोडणारे किंवा कमी करणारे समजावलेल्या गटात बरेच अधिक निघाले, आणि एर्नाकुलममध्ये नवे पांढरे चट्टे होण्याचे प्रमाणही खूप घटले. १९८६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या यशामागचे कारण समजण्यासारखे आहे. फुप्फुस रुग्णाला दिसत नाही, तोंड आरशात दिसते. सवय सोडली तर पांढरा चट्टा पुष्कळदा मावळतो. सुपारीने मात्र गालाच्या आतील अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. हा विकार सवय सोडूनही पूर्ववत होत नाही, कर्करोगाचा धोकाही उरतो. म्हणून वेळीच सोडण्याला महत्त्व आहे.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. पण कायद्याने तलफ जात नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे उभारण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अमरावती व अकोला, दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत.

शिक्षकांना वर्गात एक साधी चाचणी घेता येईल. विद्यार्थ्याने तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरावीत. ती दातांमध्ये मावत नसतील तर निदान आपण करू नये, रागावूही नये. दाताच्या डॉक्टरकडे पाठवावे.